मानेवरून हृदयाची परीक्षा

जालन्यातल्या कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात शिरताना पहिली पाटी दिसते ती ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही. सोनोग्राफी म्हणजे पोटाची, आणि तीही बहुतेक बाईमाणसाची, हे इथल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. त्यामुळे घनसावंगीकडच्या एका मोसंबी बागायतदाराला अशाच एका केंद्रात टेबलावर झोपवून मानेला जेली लावली, तेव्हा त्याने विचारलं ते साहजिकच होतं. “म्याडम, भेव छातीचं हाय, अन् तुम्ही मान काहून बघायलात?”

दोन आठवड्यांनी तोच प्रश्न त्या ‘म्याडम’ला पुन्हा विचारला गेला, या वेळी चढ्या आवाजात. विचारणारे तिचे सख्खे मामा. ते परतूरला तीस वर्षं फिजिशियन आहेत. भाची रेडिओलॉजीत एमडी होऊन जालन्यात स्थिरावली आहे. रविवारी केंद्र बंद असताना मामा आले, चहालाही थांबले नाहीत, तिच्याच सहीचा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हे काय आहे गं? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी?”

रिपोर्ट त्या बागायतदाराचा होता. वय ४६. थोरला भाऊ ४९व्या वर्षी झटक्याने गेलेला. तंबाखू-चुना सुरू. रक्तदाब १३८/८८, साखर ठीक, एलडीएल कोलेस्टेरॉल १४०. इसीजी, टू-डी इको, ट्रेडमिलवर पळवून घेतलेली चाचणी, तिन्ही निर्दोष. छातीत दुखत नव्हतं. भाऊ गेल्यापासून धास्ती तेवढी होती. भाचीने त्याच्या मानेच्या धमन्या पाहिल्या, त्या स्वच्छ निघाल्या. मग तिने जांघेतली धमनी पाहिली. उजवीकडे भिंतीला चिकटलेला २.४ मिलिमीटर जाडीचा थर होता. तिने तसं लिहिलं. तो माणूस कागद घेऊन परतूरला गेला आणि मामांना म्हणाला, मोसंबीचा सौदा झालाय, पैसे हातात आहेत, अँजिओ करून टाका.

“दोन वर्षं मी त्याला समजावतोय,” मामा म्हणाले. “तंबाखू सोड, गोळी घे. आता तू त्याच्या जांघेत काहीतरी दाखवलंस आणि तो छातीत स्टेंट टाकायला निघाला.”

“शितावरून भाताची परीक्षा करतातच ना, मामा?”

“शीत त्याच भांड्यातलं लागतं, पोरी.”

“भांडं एकच आहे. मुद्दा तोच आहे.”

मामांनी खुर्ची ओढली. पुढचे दोन तास जे बोलणं झालं, ते एका घरापुरतं नव्हतं. ‘गळ्याची सोनोग्राफी करा, हृदयाचं कळेल’ असं सांगणारी तपासणी-पॅकेजं आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहेत. त्यात किती तथ्य आणि किती धंदा, हे ठरवायचं तर या दोघांचं म्हणणं पूर्ण ऐकावं लागतं.

भाचीची बाजू शरीररचनेपासून सुरू होते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतात. त्या बरगड्यांच्या आड आणि हवेने भरलेल्या फुप्फुसांच्या मागे असतात, शिवाय प्रत्येक ठोक्यासरशी हलतात. ध्वनिलहरी हाडातून नीट जात नाहीत आणि हवेतून तर जवळजवळ जातच नाहीत. इकोत हृदयाच्या भिंती आणि झडपा दिसतात, हृदय किती जोरात आकुंचन पावतं ते मोजता येतं. पण धमनीच्या भिंतीवरचा चरबीचा थर दिसत नाही. ‘इको नॉर्मल आहे, म्हणजे ब्लॉकेज नाही’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं, ते चूक आहे. याउलट मानेतली कॅरोटिड आणि जांघेतली फिमोरल या धमन्या कातडीखाली थोड्याच अंतरावर, जाड आणि बऱ्यापैकी स्थिर असतात. थर साचण्याचा रोग हा सगळ्या मोठ्या व मध्यम धमन्यांचा रोग. एका ठिकाणी तो दिसला, तर दुसरीकडे असण्याची शक्यता वाढते.

“आणि ट्रेडमिल निर्दोष निघाली म्हणून धमन्या निर्दोष, असं नाही,” ती म्हणाली. “१९८७ मध्ये शिकागोच्या सीमूर ग्लॅगोव्ह यांनी मृतांची हृदयं तपासून दाखवलं होतं. थर वाढायला लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूला रुंदावते. धमनीच्या आतल्या क्षेत्रफळाचा सुमारे चाळीस टक्के भाग थराने व्यापेपर्यंत रक्ताची वाट अरुंदच होत नाही. तोवर तुमची पळवायची चाचणी काय पकडणार? आणि झटका पुष्कळदा अशाच, फार अरुंद न झालेल्या जागी थर फुटून येतो.”

“ते मला शिकवू नकोस. मी विचारतोय ते वेगळं आहे. मानेची भिंत मोजून तुला खरोखर काय कळतं? झोपतो मी. मोज.”

मामांनी सदऱ्याची वरची बटणं सोडली आणि ते टेबलावर आडवे झाले. हनुवटी थोडी डावीकडे. भाचीने लांबट, सपाट तोंडाचा प्रोब घेतला. पोटाला वापरतात तो गोल प्रोब इथे चालत नाही. उथळ जागेसाठी जास्त वारंवारतेची लहर लागते. ती खोल जात नाही, पण बारकावे दाखवते. पडद्यावर आडवी काळी पट्टी उमटली, ते वाहतं रक्त. पट्टीच्या खालच्या काठाला दोन पांढऱ्या समांतर रेषा आणि त्यांच्यामध्ये एक बारीक करडी रेघ. वरच्या पांढऱ्या रेषेपासून खालच्या पांढऱ्या रेषेपर्यंतचं अंतर म्हणजे धमनीच्या आतल्या दोन अस्तरांची जाडी. इटलीत मिलानच्या पाओलो पिन्योली आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हे अंतर सोनोग्राफीत मोजलं, प्रत्यक्ष धमन्यांच्या नमुन्यांशी ताडून पाहिलं, आणि तिथून या तपासणीला सुरुवात झाली.

“०.७८,” भाची म्हणाली.

“पुन्हा घे.”

तिने प्रोब उचलून पुन्हा टेकवला. कोन किंचित बदलला असावा. या वेळी आकडा ०.८६ आला.

मामा उठून बसले. “दोन मिनिटांत माझी धमनी आठ शतांश मिलिमीटर जाड झाली? ही जाडी वर्षाला साधारण एक शतांशाने वाढते म्हणतात. म्हणजे तुझ्या हातानेच माझं वय आठ वर्षांनी वाढवलंस. आणि हे तू चांगलं मशीन घेऊन, सावकाश केलंस. शिबिरात दिवसाला शंभर माना मोजणाऱ्याचं काय होत असेल?”

यावर भाचीने वाद घातला नाही, कारण इथे पुरावा मामांच्या बाजूने आहे. २०१२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १४ लोकसमूहांतल्या ४५,८२८ माणसांचा एकत्रित अभ्यास आला. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह, धूम्रपान यांवरून काढलेल्या जोखमीच्या आकड्यात मानेच्या धमनीची जाडी मिळवली तर अंदाज किती सुधारतो, हे त्यात पाहिलं होतं. सुधारणा झाली, पण ती एक टक्क्याच्याही आत. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मधल्या दुसऱ्या एकत्रित अभ्यासाने सांगितलं, की जाडी वर्षागणिक किती वाढली यावरून पुढचे झटके सांगता येत नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या दोन प्रमुख संघटनांनी जोखीम ठरवायला ही जाडी सरसकट मोजू नये असं लिहून टाकलं. त्याच्या तीनच वर्षं आधी याच संघटनांनी या मोजणीला अनुकूल मत दिलं होतं. शिवाय निव्वळ जाडी वय आणि रक्तदाबानेही वाढते. ती दर वेळी चरबीच्या थराचीच असते असं नाही.

म्हणून ‘गळ्याच्या नसेची जाडी ०.९, हृदयाला धोका’ असं छापून देणारा कागद कुणाच्या हातात पडला, तर त्याने झोप उडवून घेण्याचं कारण नाही. या लेखापुरता हा मुद्दा इथे मिटला.

पण त्या बागायतदाराच्या रिपोर्टात जाडी नव्हतीच.

“मी थर लिहिलाय, मामा. प्लाक. भिंतीतून आत डोकावणारा, आजूबाजूच्या भिंतीपेक्षा निदान अर्ध्या मिलिमीटरने उंच किंवा एकूण दीड मिलिमीटरहून जाड असा उंचवटा. तो आहे की नाही, एवढंच बघायचं असतं. त्यात प्रोबच्या कोनाने तेवढी पंचाईत होत नाही. २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत जोखीम कमी किंवा मध्यम असलेल्यांत मानेतल्या किंवा जांघेतल्या थराचा विचार करावा असं स्पष्ट म्हटलंय. जाडीचा नव्हे, थराचा.”

“मान स्वच्छ होती ना त्याची? मग जांघेत हात घालायचं कारण?”

इथे भाचीने झारागोझाचं नाव काढलं. स्पेनमधल्या या शहराजवळ मोटारींचा मोठा कारखाना आहे. तिथल्या चाळिशी-पन्नाशीतल्या चौदाशेहून अधिक पुरुष कामगारांच्या मानेची आणि जांघेची सोनोग्राफी झाली, हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम सीटी स्कॅनने मोजलं गेलं. २०१६ मध्ये निकाल आला. मानेत थर सापडला साधारण तिघांतल्या एकाला, जांघेत निम्म्याहून जास्त जणांना. हृदयातल्या कॅल्शियमशी जास्त घट्ट नातं जांघेतल्या थराचंच निघालं. माद्रिदमध्ये एका बँकेच्या ४० ते ५४ वयाच्या चार हजारांवर कर्मचाऱ्यांतही असंच दिसलं: सर्वांत जास्त थर ओटीपोटाच्या खालून जांघेकडे उतरणाऱ्या धमन्यांत. धूम्रपानाचा मार या भागावर विशेष पडतो. फक्त मान बघून ‘सगळं ठीक’ म्हणणं हे अर्धवट काम, आणि बाजारातली बहुतेक पॅकेजं तेवढंच करतात.

मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “स्पेनचा कामगार आणि आपला माणूस एक नाही.”

“नाहीच. म्हणून तर मी बघते.”

हे तिचं सगळ्यात वजनदार उत्तर. जोखमीचे बहुतेक तक्ते ज्या अभ्यासांतून आले, त्यांचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं फ्रेमिंगहॅम हे गाव. तिथे १९४८ पासून लोकांचा पाठपुरावा सुरू आहे. त्या तक्त्यात घनसावंगीचा शेतकरी कुठे बसतो? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आल्याचं दिसलं; इतर देशांत ते वय जवळपास ५९ होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या जॉन युडकिन यांच्या शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. अंगाने सडसडीत दिसणारा मराठी माणूस आतून तसा असतोच असं नाही, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं.

धमन्यांची सोनोग्राफी आपल्या खेड्यांत होऊ शकते, हेही सिद्ध झालेलं आहे. हैदराबादजवळच्या २९ गावांत वर्षानुवर्षं चाललेल्या एका अभ्यासात गावकऱ्यांच्या मानेच्या धमन्यांची जाडी मोजली गेली. ती गावं शेतीवर जगणारी आणि झपाट्याने शहरी होत चाललेली. जालन्याहून तिथली माणसं आणि त्यांचे कष्ट फार निराळे नाहीत.

“ठीक आहे,” मामा म्हणाले. “दिसतं, मोजता येतं, आपल्याकडेही होतं. पण बघितल्याने माणूस वाचतो का? ते सांग.”

खरा वाद इथे आहे. डेन्मार्कमध्ये ६५ ते ७४ वयाच्या पन्नास हजारांवर पुरुषांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला पोटातल्या महाधमनीची सोनोग्राफी, घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब तपासायला बोलावलं, दुसऱ्याला नाही. २०१७ मध्ये निकाल आला: बोलावलेल्या गटात सुमारे साडेचार वर्षांत एकूण मृत्यू सात टक्क्यांनी कमी. भाचीने हा निकाल मांडताच मामांनी त्याच देशाचा दुसरा निकाल काढला. त्याच वयाच्या सेहेचाळीस हजारांवर पुरुषांवर, याहून अधिक तपासण्यांचा, हृदयाच्या सीटीसकट. २०२२ मध्ये त्याचा निकाल लागला तेव्हा पाच वर्षांहून अधिक काळात मृत्यूंतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

“आणि अमेरिकेची शासनमान्य तज्ज्ञसमिती तक्रार नसलेल्या लोकांच्या मानेतली अरुंद जागा शोधत फिरू नका, असं २०२१ मध्ये पुन्हा एकदा सांगून बसली आहे,” मामा म्हणाले. “कारण शोधलं की कुणीतरी कापायला निघतं. तुझा बागायतदार तसाच निघालाय. २०२० चा पाच हजारांवर रुग्णांचा अभ्यास तुला ठाऊक आहे. ट्रेडमिलसारख्या ताण-चाचणीत चांगलाच दोष सापडलेल्या, पण स्थिर असलेल्या लोकांत आधी अँजिओ करून स्टेंट किंवा बायपास केलं आणि दुसऱ्यांना आधी औषधांवर ठेवलं. मृत्यू आणि झटक्यांत फरक पडला नाही. मग ज्याची ट्रेडमिल निर्दोष आहे, छातीत दुखत नाही, त्याच्या हृदयात नळी घालून काय साधणार? मोसंबीचे पैसे तेवढे जातील.”

भाचीचा चेहरा उतरला. रिपोर्टात तिने ‘अँजिओग्राफी’ हा शब्द लिहिला नव्हता, पण ‘करू नये’ असंही कुठे म्हटलं नव्हतं. रुग्णाला ती रांगेतल्या पुढच्या नावाआधी तीन मिनिटं भेटली होती.

तरी तिच्याकडे एक प्रश्न उरला होता. “तो गोळी घेतो का आता?”

मामांनी रिपोर्ट उचलला, पुन्हा ठेवला. “घेतो. तंबाखूची पुडीही त्याच्या बायकोने बागेत पुरली म्हणे.”

“दोन वर्षं सांगून जे झालं नाही, ते एका चित्राने झालं.”

हा योगायोग नाही. स्वीडनच्या उत्तरेकडच्या वेस्टरबोटेन प्रांतात ४०, ५० आणि ६० वर्षांच्या साडेतीन हजार लोकांची कॅरोटिड सोनोग्राफी झाली. निम्म्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना त्याचं चित्र पाठवलं: थर असेल तर लाल ठिपका, आणि धमनीचं वय खऱ्या वयापेक्षा किती जास्त, ते रंगांत. काही आठवड्यांनी परिचारिकेने फोन करून समजावलं. उरलेल्या निम्म्यांना चित्र दिलं नाही. २०१९ मध्ये छापून आलेला निकाल असा, की वर्षभराने चित्र पाहिलेल्यांची जोखीम दुसऱ्या गटापेक्षा कमी भरली. मामांनी लगेच हिशेब मांडला, की तिथे मोजला गेला तो जोखमीचा आकडा, आलेले झटके नव्हेत. हरकत रास्त आहे. पण चाळिशीतल्या धडधाकट माणसाला रोज एक गोळी गिळायला लावणं किती अवघड असतं, हे तीस वर्षं ओपीडी चालवणाऱ्या मामांना सांगायची गरज नव्हती. एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने खाली आणला, की मोठे झटके आणि पक्षाघात सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, हे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांच्या असंख्य चाचण्यांतून पक्कं झालेलं आहे. गोळी आहे, स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यांतूनही मिळू शकते. अडतं ते माणूस घेत नाही तिथे.

त्या चित्रासोबत स्वीडनमध्ये एक फोनही होता, हे मात्र विसरायचं नाही. चित्र देऊन माणसाला नुसतं सोडून दिलं, की तो अँजिओची तारीख मागतो.

भाचीच्या मनात गावोगाव शिबिरं घ्यायचं होतं. छोटं मशीन, एक दिवस मंठा, एक दिवस जाफराबाद. मामांनी मान हलवली. “मशीन दाराबाहेर नेता येतं का तुला?”

येत नाही, किंवा सहजासहजी येत नाही, आणि ते बरंच आहे. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा, पुढे तो आणखी कडक झाला. गर्भ दाखवू शकणारं प्रत्येक सोनोग्राफी मशीन नोंदलेलं असावं लागतं, मग डॉक्टर त्यातून फक्त हृदय किंवा मान बघत असला तरी. फिरतं मशीन नोंदणी झालेल्या जागेच्या आत, किंवा रीतसर मान्यता असलेल्या फिरत्या दवाखान्यातच वापरता येतं. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. त्या आकड्यामागे हीच मशीनं होती. मराठवाड्यात हृदयाच्या नावाखाली हा कायदा सैल करावा, असं कुणी सुचवलं तर त्याला ठामपणे नाही म्हणायला हवं. मान-जांघेची तपासणी माणूस केंद्रात येऊनही होते.

आणि शिबिरातच काही करायचं तर त्याहून साधं साधन आहे. खिशात मावणारा डॉपलर. त्याला पडदा नसतो, नुसता धमनीतल्या रक्ताचा आवाज ऐकू येतो. दंडाला बीपीचा पट्टा बांधून एक आकडा घ्यायचा, घोट्यावर बांधून दुसरा. निजलेल्या निरोगी माणसात घोट्याचा आकडा दंडाइतका किंवा थोडा जास्त भरतो. घोटा भागिले दंड हे उत्तर ०.९ पेक्षा कमी आलं, तर पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असतात. १६ अभ्यासांचा २००८ चा एकत्रित निष्कर्ष असा, की अशा माणसांत पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे दुप्पट. जुन्या मधुमेह्यांत धमन्या कॅल्शियमने कडक झालेल्या असतात, तिथे हा आकडा खोटा जास्त येऊ शकतो, तेवढं भान ठेवायचं.

“हे मला चालेल,” मामा म्हणाले. “चार पावलं चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो, असं सांगणारे बिडीवाले माझ्याकडे रोज येतात. मी त्यांना बी-कॉम्प्लेक्स देणाऱ्यांतला नाही, पण माझ्या आधी बऱ्याच जणांनी दिलेलं असतं. हे यंत्र मागव एक.”

मग दोघांनी त्या बागायतदाराचा रिपोर्ट पुन्हा लिहायला घेतला. भाचीने खाली तीन वाक्यं घातली: थर आहे, पण रक्तप्रवाहाला अडथळा नाही; हा निष्कर्ष अँजिओग्राफीची गरज दाखवत नाही; जोखीम कमी करण्याचे उपचार फिजिशियनच्या सल्ल्याने सुरू ठेवावेत. मामांनी दुसऱ्या वाक्याखाली रेघ मारली. त्याला पुन्हा बोलवायचं, बायकोसह बसवायचं, गोळी आणि तंबाखूवर बोलायचं, तीन महिन्यांनी एलडीएल बघायचं, हे त्यांनी स्वतःकडे घेतलं. चालताना छातीत दाब आला तर त्याच दिवशी यायचं, हेही.

वाद संपला असं नाही. मामांचा आग्रह कायम आहे, की तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर उपकेंद्रात फुकट तपासली जाते, ती आधी शंभर टक्के होऊ द्या. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत प्रौढांपैकी २६.६ टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. ते आधी सुटू द्या. भाचीचा आग्रह कायम आहे, की घरात तरुणपणी झटका आलेला, आकडे धड वाईट नाहीत आणि धड चांगलेही नाहीत, गोळी घ्यावी की नाही अशा काठावर बसलेला माणूस असतो, आणि त्याच्यासाठी मान-जांघेची दहा मिनिटांची तपासणी निर्णय बदलू शकते. दोघांचंही खरं आहे, पण क्रम मामांचा बरोबर आहे. आधीच मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेल्या साठीच्या माणसाला ही सोनोग्राफी लागत नाही. त्याचे उपचार तिच्यावाचूनच ठरलेले आहेत. पंचविशीतल्या, कसलीच जोखीम नसलेल्या पोराला तर नाहीच नाही. काठावरच्या माणसाने ही तपासणी जरूर विचारावी, फक्त जाडी नको, थर बघा म्हणावं, मानेबरोबर जांघही बघा म्हणावं, आणि कागद थेट आपल्या डॉक्टरांकडे न्यावा.

एक गोष्ट मात्र दोघांनी एका सुरात सांगितली, आणि ती वाचकांनी घरातल्या प्रत्येकाला सांगावी. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, अशी वेळ आली तर कुठलीही सोनोग्राफी करायला जाऊ नका. आधीचा रिपोर्ट स्वच्छ होता म्हणून ॲसिडिटी समजून घरीही बसू नका. जिथे इसीजी निघतो तिथे लगेच जा, किंवा १०८ ला फोन करा. परतूर-मंठ्याहून छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. त्यामुळे पहिला इसीजी जवळच्या रुग्णालयातच झाला पाहिजे.